एका लेकराची सोबत करताना : गावातल्या स्वयंसेवकासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

शहरात याला मेंटर म्हणतात. गावात सरळ सोबती म्हणू. एक मोठं माणूस, एक मूल, आठवड्यातून एक तास, आणि हे किमान एक शाळावर्ष. ही शिकवणी नाही, दत्तक घेणं नाही, मदतवाटपही नाही. घरात पहिल्यांदाच कुणीतरी आठवीच्या पुढं जाणार असतं. त्याला अभ्यासाचं, शाळेचं, अर्जाचं, मनातलं विचारायला घराबाहेरचं एक भरवशाचं माणूस लागतं. ते माणूस म्हणजे सोबती.

बहुतेक सोबती चांगल्या मनानं सुरू करतात आणि दिवाळीनंतर दिसेनासे होतात. मूल मात्र शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात वाट बघत बसतं. म्हणून खालची पहिली पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे. ती गाळून पुढं जाऊ नका.

१. आधी स्वतःचं वर्ष मोजा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात आणि एप्रिलअखेरपर्यंत चालतात. हे साधारण ४४ आठवडे होतात. यातून दिवाळीची सुट्टी, परीक्षा, पोळा, गावातली लग्नं वजा करा. मग तुमची शेतीची धांदल वजा करा. अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्ध्याकडे ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी असते आणि दिवाळीपासून कापूस वेचणी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी आणि नोव्हेंबरपासून कापणी, मळणी. जंगलालगतच्या गावात मार्च-एप्रिलला मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता.

एवढं वजा करून ३० भेटी नक्की जमतील असं वाटलं तरच हो म्हणा. २० जमत असतील तर या वर्षी थांबा. शाळेच्या वाचनालयाची पुस्तकं लावणं, विज्ञान प्रदर्शनाला हात लावणं अशी कामं पुष्कळ असतात, ती करा. अर्ध्यावर सुटलेली सोबत ही न मिळालेल्या सोबतीपेक्षा वाईट. त्यातून मूल एवढंच शिकतं की मोठी माणसं बोलतात आणि येत नाहीत.

मुलाचंही वर्ष मोजा. वेचणीच्या दिवसांत पाचवीच्या पुढची मुलं, विशेषतः मुली, एक तर वावरात असतात नाही तर घरी धाकट्याला सांभाळत असतात. त्या दिवसांत भेट बंद करण्यापेक्षा तासाची अर्ध्या तासावर आणा आणि अंधार पडायच्या आत संपवा.

२. कागदपत्रं आणि परवानग्या

मुलांसोबत एकट्यानं वेळ घालवणाऱ्या माणसाची चौकशी व्हायलाच हवी. त्यात अपमान नाही. उलट कुणी चौकशी न करताच मूल तुमच्या हवाली करत असेल तर तुम्हीच आग्रह धरा. हे जमवा :

- आधार कार्डाची प्रत आणि दोन फोटो.
- चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र. तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात विचारा. अर्ज ऑनलाइन होतो, स्वतःला जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतो.
- गावातल्या दोन प्रतिष्ठित, नात्यात नसलेल्या व्यक्तींची शिफारस. त्यांतली एक बाई असावी. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई सगळ्यांत बऱ्या, कारण त्यांना घरंदारं माहीत असतात.
- मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज : तुम्ही कोण, कुठल्या दिवशी, किती वेळ, कुठे बसणार.
- पालकांचं लेखी संमतिपत्र. त्याबद्दल चौथ्या पायरीत.

शाळा जिल्हा परिषदेची असेल तर अर्ज शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवायला सांगा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे तिथं ठराव झाला की गावात कुजबुज उरत नाही. मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांना कळवतील. आश्रमशाळा असेल तर मुख्याध्यापकांची तोंडी परवानगी पुरत नाही. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाचं पत्र लागेल. मेळघाटासाठी ते कार्यालय धारणीला आहे. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही स्वयंसेवक म्हणून नोंद करता येते, पण गावात खरं काम मुख्याध्यापकांच्या खोलीतच ठरतं.

सरपंच आणि पोलीस पाटील यांना एकदा भेटून सांगा. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष असतात. काही गावांत ती फक्त कागदावर असते. तरी सांगून ठेवा, पुढे उपयोग होतो.

३. मूल तुम्ही निवडू नका

निवड वर्गशिक्षकाला करू द्या. तुम्ही फक्त एवढं सांगा की पहिल्या नंबरचं मूल नको, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतंच. आठवड्यातून दोन-दोन दिवस गैरहजर राहणारं, वर्गात तोंड न उघडणारं, आजीजवळ राहणारं, वडील वारलेलं असं मूल असेल तर सोबतीचा उपयोग जास्त.

तीन ठिकाणी नाही म्हणा. एक, तुमच्या नात्यातलं मूल. दोन, तुमच्या वावरात कामाला येणाऱ्या मजुराचं किंवा सालदाराचं मूल. ते आईबाप तुम्हाला कधीच नाही म्हणू शकणार नाहीत, मग संमतीला अर्थ काय राहिला? तीन, ज्यांनी तुमच्याकडून उसनवारी केली आहे त्यांचं मूल. कारण तेच.

पुरुष सोबत्यानं मुलगा घ्यावा, बाईनं मुलगी. मुलीसाठी बाई मिळत नसेल तर दोन मुली आणि शेजारी एक शिक्षिका किंवा आशाताई, अशी बैठक करा.

४. घरी जाणं

संध्याकाळी, माणसं वावरातून परतून हातपाय धुतल्यावर जा. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका. मजुरीचा हिशोब, किराणा, सगळं त्या दिवशी असतं आणि कुणाला निवांतपणा नसतो. शिक्षकाला सोबत न्या. पहिल्या भेटीत फार बोलू नका. चहा दिला तर घ्या. कुणाच्या घरचं पाणी टाळलं तर ते गावभर कळतं, आणि मुलाला सगळ्यांत आधी.

आईशी बोला, फक्त बापाशी नाही. सांगायचं ते साधं : “ताई, मी दर शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात तासभर याच्यासोबत बसीन. वाचणं, गणित, गप्पा. पैसे घेणार नाही, देणारही नाही. तुम्हाला नको वाटलं तर कधीही थांबवा.” शेवटचं वाक्य नक्की म्हणा.

संमतिपत्राचा मजकूर एवढाच पुरे :

“आम्ही श्री./श्रीमती ______ यांना आमचा मुलगा/मुलगी ______ यांच्यासोबत दर ______वारी ______ ते ______ या वेळेत ______ येथे बसण्यास संमती देतो. याखेरीज इतर ठिकाणी नेण्यास संमती नाही. फोटो काढून कुठेही टाकण्यास संमती नाही. ही संमती आम्ही केव्हाही मागे घेऊ शकतो.”

वाचता येत नसेल तर पूर्ण वाचून दाखवा आणि अंगठ्याजवळ साक्षीदाराची सही घ्या. एक प्रत त्यांच्याकडे, एक शाळेत, एक तुमच्याकडे. आणि मुलालाही वेगळं विचारा. मान खाली घालून “हो” म्हटलं तर तो होकार धरू नका. महिनाभर बसून बघू, नाही आवडलं तर सरांना सांगशील, असं म्हणा.

५. जागा आणि वेळ

जागा उघडी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारी असावी. शाळेचा व्हरांडा उत्तम, ग्रामपंचायतीचं वाचनालयही चालतं. देवळाचा पार, विहार, समाजमंदिर निवडताना हे मूल आणि त्याची आई तिथं कुठलाही संकोच न करता येऊ शकतील का, ते आधी बघा. गावात कोण कुठे बसतं हे तुम्हाला माहीत आहे आणि मुलालाही. शंका असेल तर शाळाच बरी.

तुमचं घर नको. बंद खोली नको. मोटारसायकलवर फिरवणं नको, तालुक्याच्या गावी नेणं तर नकोच. न्यायचंच असेल, समजा पुस्तक प्रदर्शन बघायला, तर वेगळी लेखी परवानगी आणि आई किंवा शिक्षक सोबत.

मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा लागते. तेव्हा शाळा सुटल्यावर लगेच, किंवा ऊन उतरल्यावर बसा. दुपारी पत्र्याखाली बसवू नका.

आणि भेटीला बसायच्या आधी खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) थुंकून नाही, घरीच सोडून या. मुलाला पानठेल्यावर पाठवणं तर अगदीच नको. बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, सहावी-सातवीतली पोरं खर्रा मोठ्यांच्याच हातात बघून शिकतात.

६. पहिल्या चार भेटी

पहिल्या भेटीत अभ्यास काढू नका. गाव विचारा. बंडीला कोणते बैल आहेत, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल कुणी करून दिला, भुलाबाईची गाणी कोणती येतात, नदीत मासे कुठे लागतात. मूल जे तुमच्यापेक्षा जास्त जाणतं ते त्याला शिकवू द्या.

दुसऱ्या भेटीत वाचन बघा. इयत्तेचं पुस्तक उघडू नका. एका कागदावर आधी सुटी अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीची चार वाक्यं, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट लिहून न्या. जिथं अडलं ती पातळी. सहावीतलं मूल “पा-ऊ-स” असं एकेक अक्षर जोडत वाचताना दिसलं तर दचकू नका, चेहऱ्यावर तर मुळीच दाखवू नका. त्याच पातळीपासून सुरुवात करा. रोज १० मिनिटं मोठ्यानं वाचन, त्यानं आजीला वाचून दाखवायचं, हा गृहपाठ पुरे.

तिसऱ्या भेटीत गणित. ५२ मधून २७ वजा करायला द्या. पुष्कळ मुलं उत्तर ३५ लिहितात. याचा अर्थ त्यांना वजाबाकी येत नाही असा नाही. ती प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतात : ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. हातचा घ्यायची रीत पाठ करून घेतली तर पुढच्या आठवड्याला तेच ३५ येतं. म्हणून काड्या आणा. तुराट्या मोडून बोटाएवढ्या काड्या करा, दहा-दहाच्या जुड्या दोऱ्यानं बांधा. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मुलापुढे ठेवा आणि म्हणा, यातल्या २७ मला दे. दोन सुट्यांतून सात निघत नाहीत हे त्याला हातानं कळतं. ते थांबेल. तुम्हीही थांबा, सांगू नका. मिनिटभरात बहुतेक मुलं स्वतःच एका जुडीचा दोरा सोडतात. बारा सुट्या झाल्या, सात दिल्या, पाच उरल्या. चार जुड्यांतून दोन दिल्या, दोन उरल्या. २५. आता तेच वहीत लिहायला लावा, वर ५ खोडून ४ आणि २ चे १२. तीन-चार भेटी काड्यांसोबत, मग काड्या झाकून, मग नुसत्या वहीत. घाई इथंच नडते.

चौथ्या भेटीत मिळून ठरवा : या वर्षात कोणत्या दोन गोष्टी जमवायच्या. दोनच. “रोज शाळेत जाणं” हीसुद्धा एक गोष्ट होऊ शकते.

मुलाची घरची भाषा वेगळी असेल तर ते आधी समजून घ्या. कोरकू, गोंडी, कोलामी बोलणारं मूल मराठी पहिल्यांदा शाळेत ऐकतं. ते गप्प असतं ते मंद म्हणून नाही. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलालाही “मले नाई येत” म्हटल्यावर लगेच “मला येत नाही म्हण” असं दुरुस्त करू नका. बोलणं त्याच्या भाषेत राहू द्या, पुस्तकातली मराठी लिहिताना शिकवा. त्याच्या भाषेतले २० शब्द त्याच्याकडून शिका आणि वहीत लिहा.

७. वही

१०० पानी एक वही ठेवा, ती शाळेत राहील. तारीख, किती वेळ, काय केलं, पुढच्या वेळी काय : चार ओळी. मूल आलं नाही तर तेही लिहा आणि कारण. घरचं खासगी काही त्यात लिहू नका, ती वही कुणीही उघडू शकतं. तीन भेटी लागोपाठ चुकल्या की वर्गशिक्षकाला भेटा. “काहून नाही आला?” असं मुलाला सगळ्यांसमोर विचारू नका. बहुतेकदा उत्तर घरात असतं : आई वेचणीला, बहीण आजारी, चप्पल तुटली.

कुटुंब स्थलांतर करणार असेल, मिरची तोडायला तेलंगणात किंवा वीटभट्टीवर, तर जाण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून पोहोचल्या गावच्या शाळेत मूल बसू शकतं. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे आईबापांना सांगून ठेवा.

८. पैसे

देऊ नका. वही, पेन, चित्रांचं पुस्तक एवढं चालेल, तेही शाळेमार्फत. एकदा पैसे दिले की नातं बदलतं. बाप उसने मागतो, शेजारी मूल पाठवतात, आणि मूल तुमच्यापुढं वाकतं. त्यापेक्षा जे हक्काचं आहे ते मिळवून द्या.

९. दाखले आणि शिष्यवृत्त्या

इथं सोबत्याचा उपयोग रोकड होतो.

- नवोदय विद्यालय : पाचवीत असताना परीक्षा, सहावीत प्रवेश. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. २ तासांत ८० प्रश्न, १०० गुण, त्यातले निम्मे बुद्धिमत्ता चाचणीचे. संधी एकदाच. तयारी चौथीच्या सुट्टीपासून.
- एन. एम. एम. एस. (आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती) : आठवीत परीक्षा. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. अनेकांची पहिल्या वर्षानंतर बंद होते, कारण दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करायचं असतं ते राहून जातं. जून-जुलैतच शाळेत विचारा.
- बालसंगोपन योजना : वडील किंवा आई वारलेल्या, एकल पालकाच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात.
- एस. टी. पास : गावातून बाहेरच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावी मोफत.

सगळ्यांत मोठी अडचण नावाची. शाळेच्या रजिस्टरमध्ये एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं. पैसे अडकतात ते इथे. सहावीतच तिन्ही समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर आधारचे बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, तेही राहू देऊ नका.

जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद किंवा जन्ममृत्यूच्या रजिस्टरचा उतारा शोधायला महिने लागतात. दहावीच्या निकालानंतर धावाधाव करण्यापेक्षा आठवीत सुरू करा. अर्ज पालकच करतील, तुम्ही यादी करून द्या आणि रांगेत सोबत उभे राहा.

१०. मूल काही सांगतं तेव्हा

“कुणाला सांगणार नाही” असं वचन कधीही देऊ नका. म्हणा : “तू सांग. तुझ्या भल्यासाठी गरज पडली तर मी योग्य माणसालाच सांगेन, आणि तुला सांगूनच.”

मारहाण, नको तो स्पर्श, ठरवलेलं लग्न, असं काही कळलं तर शांत ऐका. उलटतपासणी करू नका, “नक्की ना?” असं विचारू नका. मुलाचेच शब्द, तारीख, वेळ त्याच दिवशी वेगळ्या कागदावर लिहा. ते शाळेच्या वहीत नको. १०९८ ही बालकांची मोफत हेल्पलाइन २४ तास चालते. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. गावातल्या चार माणसांनी बसून मिटवायचा हा विषय नाही, कुणी कितीही मोठा असो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे माहीत असलं की तुम्ही ठामपणे बोलू शकता.

बालविवाह असेल, मुलगी १८ च्या आत किंवा मुलगा २१ च्या आत, तर गावपातळीवर प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतात. त्यांना लेखी द्या आणि १०९८ ला फोन करा. मांडव पडायची वाट बघू नका. साखरपुडा कळला त्याच दिवशी करा.

आरोप तुमच्यावरही येऊ शकतो. म्हणूनच उघडी जागा, वही आणि साक्षीदार हे नियम एकदाही मोडायचे नाहीत. पाऊस आला म्हणून वर्गाचं दार लावून बसलो, असं एकदाही नको.

११. थांबताना

नोकरी लागली, बदली झाली, मूल दहावीला तालुक्याला गेलं, थांबण्याची वेळ येतेच. अचानक जाऊ नका. चार भेटी आधी सांगा आणि त्या चारही भेटी करा. आईला घरी जाऊन सांगा. दुसरा सोबती येणार असेल तर शेवटच्या दोन भेटींना त्याला शेजारी बसवा, पण बोलू मुलालाच द्या. वहीतली पहिली पानं काढून मुलाला दाखवा : तेव्हा ३५ आलेलं उत्तर, “पा-ऊ-स” असं तोडून वाचलेलं वाक्य. मग त्याच दिवशी नवं पान वाचायला द्या. वही शाळेला परत करायची, पण काड्यांच्या जुड्या मुलाकडे राहू द्या. घरी धाकटं भावंड असतं.